जनमताचा पत्ता

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये मगरिबची अजान होते आणि रोजेदार खजुराने रोजा सोडतात. तो खजूर बहुधा इराक, इराण किंवा अमिरातीतून आलेला असतो. इफ्तारची भजी ज्या तेलात तळली जातात, ते तेल अर्जेंटिनाच्या सोयाबीनचे किंवा इंडोनेशियाच्या पामचे असू शकते. त्या तेलाच्या आयातीवर किती शुल्क बसते, त्यावर गावच्या शिवारातल्या सोयाबीनचा भाव वर-खाली होतो. ज्या घरातला मुलगा आखातात नोकरीला आहे, त्या घराची झोप तिकडे क्षेपणास्त्र पडल्याच्या एका बातमीने उडते. परराष्ट्र धोरण हा शब्द मोठा वाटतो. पण त्याची झळ दस्तरखानापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत आणि आईच्या काळजापर्यंत येते.

तरीही हा विषय निघाला की गावातला माणूस हात झटकतो. ते दिल्लीतल्या मोठ्या लोकांचे काम, इथे बसून काय होणार, असे म्हणतो. आणि त्याच रात्री तरावीहनंतर फलस्तीनसाठी दुआ होते, मोबाइलवरची स्टेटस बदलतात, समोरून त्याला उलट स्टेटसने उत्तर मिळते. हजारो मैलांवरच्या युद्धावरून एकाच गल्लीत लहानाचे मोठे झालेले दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे होतात. म्हणजे मत आहे, तळमळही आहे. कमतरता एकाच गोष्टीची आहे. या मताच्या पाकिटावर पत्ता कोणाचा, हे कोणी ठरवलेलेच नाही. बिनपत्त्याचे पत्र कितीही कळकळीने लिहिले तरी ते पोहोचत नाही.

भारतातल्या सामान्य माणसाचे मत जगाच्या राजकारणापर्यंत पोहोचल्याचे एक मोठे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. त्यात यश आहे, चुकाही आहेत, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा रमजान महिन्यातच पार पडला होता.

१९२० चा रमजान

ते उदाहरण म्हणजे खिलाफत चळवळ. या शब्दाबद्दल मराठीत एक गैरसमज रूढ आहे. ‘खिलाफ’ म्हणजे विरुद्ध, म्हणून ‘खिलाफत’ म्हणजे विरोध, असे अनेकांना वाटते. विरोधाला उर्दूत ‘मुखालफत’ म्हणतात. ‘खिलाफत’ म्हणजे खलिफाचे पद. त्या काळी तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान हाच जगभरातल्या सुन्नी मुसलमानांचा खलिफा मानला जाई.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला. इंग्रजांच्या फौजेत भारतीय शिपाई होते, त्यांत मुसलमानही होते, आणि त्यांना मेसोपोटेमियात तुर्कांविरुद्धच लढावे लागले. या शिपायांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनातली घालमेल इंग्रजांना ठाऊक होती. जानेवारी १९१८ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर भाषणात सांगितले, की तुर्कस्तानची राजधानी किंवा तुर्कांची वस्ती असलेला आशिया मायनर आणि थ्रेसचा मुलूख हिरावण्यासाठी हे युद्ध नाही. युद्ध जिंकल्यावर मात्र सूर बदलला. मे १९१९ मध्ये ग्रीक फौजा स्मर्नात, म्हणजे आजच्या इझमिरमध्ये उतरल्या.

भारतात जे उभे राहिले त्याचा आधार हा मोडलेला शब्द होता. मुंबईत १९१९ मध्ये खिलाफत समिती स्थापन झाली. लाकडाचे व्यापारी मियाँ मोहम्मद छोटाणी तिचे अध्यक्ष होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही त्या चळवळीची आठवण सांगते. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय खिलाफत परिषद भरली. तिथे महात्मा गांधी अध्यक्षस्थानी बसले. शेजाऱ्याच्या दुःखात साथ देताना सौदा करायचा नसतो, अशी त्यांची भूमिका होती. गोरक्षणाची अट घालायला त्यांनी नकार दिला. त्याच वर्षअखेर अमृतसरच्या अधिवेशनात मुस्लिम लीगने ईदला गाईची कुर्बानी टाळण्याचे आवाहन आपणहून केले. अट न घालता दिलेल्या साथीला न मागता आलेले ते उत्तर होते.

मे १९२० च्या मध्यावर तुर्कस्तानवर लादल्या जाणाऱ्या तहाच्या अटी भारतात प्रसिद्ध झाल्या. रमजान जेमतेम चार-पाच दिवसांवर आला होता. अटी कठोर होत्या. अरब मुलूख तर गेलाच, स्मर्ना आणि पूर्व थ्रेसही तुर्कांच्या हातून जाणार होते. रोजे सुरू झाले आणि मेअखेर जालियनवाला बाग प्रकरणावरचा हंटर समितीचा अहवालही बाहेर आला. एकाच महिन्यात दोन जखमा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, रोजे चालू असतानाच, अलाहाबादला मध्यवर्ती खिलाफत समितीची बैठक झाली. हिंदू पुढाऱ्यांनाही तिथे आवर्जून बोलावले होते. तिथे असहकाराचा मार्ग नक्की झाला. १ ऑगस्टला असहकार सुरू झाला आणि त्याच पहाटे मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत गांधीजींप्रमाणे शौकत अलींनीही खांदा दिला. डिसेंबरमध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, देशभरातून चौदा हजारांवर प्रतिनिधी आले आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. नागपूरचा हा मांडव वऱ्हाडच्या अगदी दारात होता.

एका तारेची किंमत

या सगळ्याचा लंडनवर परिणाम झाला का? झाला, आणि तो नोंदलेला आहे.

पहिला परिणाम तह होण्याआधीच दिसला. सुलतानाला इस्तंबूलमधून हाकलावे, असे लॉइड जॉर्ज आणि परराष्ट्रमंत्री कर्झन यांचे मत होते. मे १९१९ मध्ये भारतमंत्री मॉन्टेग्यू पॅरिसच्या शांतता परिषदेत आगाखान आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांना घेऊन गेले आणि हिंदुस्थानातला असंतोष बड्या राष्ट्रांच्या नेत्यांपुढे मांडला. एक मुसलमान आणि एक हिंदू, दोघांचे म्हणणे एकच. जानेवारी १९२० मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने बहुमताने पंतप्रधानांचे मत बाजूला सारले आणि इस्तंबूल तुर्कांकडेच ठेवायचे ठरवले. या निर्णयामागे लष्कराचा सल्ला होता, तसाच हिंदुस्थानातल्या जनमताचा धाकही होता.

दुसरा परिणाम त्याहून नाट्यमय आहे. फेब्रुवारी १९२२ च्या अखेरीस व्हाइसरॉय रीडिंग यांनी लंडनला तार केली. तहात बदल करा, इस्तंबूलमधून फौजा काढा, थ्रेस आणि स्मर्ना तुर्कांना परत द्या, अशी शिफारस त्यांनी हिंदुस्थानातील जनमताचा हवाला देऊन केली. मॉन्टेग्यू यांनी मंत्रिमंडळाला न विचारता ती तार छापायला परवानगी दिली. गहजब झाला. ९ मार्च १९२२ ला त्यांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी साबरमतीला गांधीजींना अटक झाली. हिंदुस्थानचे मत लंडनमध्ये मांडणारा मंत्री आणि हिंदुस्थानात ते मत जागे करणारा नेता, दोघांनाही लागोपाठच्या दोन दिवसांत किंमत मोजावी लागली.

पण त्या तारेत जे मागितले होते, त्यातले बरेच पुढच्या दीड वर्षात घडले. जुलै १९२३ च्या लोझानच्या तहात अनातोलिया, इझमिर आणि पूर्व थ्रेस तुर्कांकडे राहिले. याचे पहिले श्रेय मुस्तफा कमाल यांच्या फौजेचे, ज्यांनी सप्टेंबर १९२२ मध्ये इझमिर परत घेतले. त्यानंतर चनाकला इंग्रज आणि तुर्क समोरासमोर ठाकले, तेव्हा युद्धाला कंटाळलेले ब्रिटिश लोक पंतप्रधानांच्या मागे उभे राहिले नाहीत. आमची संसद ठरवील, असे कॅनडाच्या पंतप्रधानांनी कळवले. ऑक्टोबरमध्ये लॉइड जॉर्ज यांचे सरकार गेले. त्यामागे घरगुती राजकारणही होते. पण लोकांना नको असलेले युद्ध सरकारला पुढे रेटता आले नाही, हे खरे. हिंदुस्थानचे जनमत हे या अनेक दोरांपैकी एक होते. एकटा दोर गाडा ओढत नाही, पण तो नसता तर गाडा तितका सहज हललाही नसता.

एका पत्राचा उलटा परिणाम

आता या कथेची दुसरी बाजू.

नोव्हेंबर १९२३ मध्ये आगाखान आणि न्यायमूर्ती अमीर अली यांनी तुर्कस्तानचे पंतप्रधान इस्मत पाशा यांना पत्र लिहिले. खलिफाच्या पदाची प्रतिष्ठा राखा, अशी त्यात विनंती होती. हेतू चांगला होता. पण ते पत्र इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले आणि अंकारात संताप उसळला. ज्या देशाने आत्ताच परक्यांच्या फौजा हुसकावल्या, त्याला बाहेरचे दोन बडे गृहस्थ कारभार कसा चालवावा हे सांगत होते. खिलाफत नको म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले. ३ मार्च १९२४ ला तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफतच रद्द केली आणि अखेरचे खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर पाठवले. हिंदुस्थानात ज्यांनी यासाठी तुरुंगवास भोगला, नोकऱ्या सोडल्या, बायकांनी अंगावरचे दागिने दिले, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

तार आणि पत्र यांत फरक काय होता? तार आपल्याच राज्यकर्त्याला उद्देशून होती: तुम्ही आमच्या नावाने राज्य करता, आमचे शिपाई वापरता, तुम्ही दिलेला शब्द पाळा. त्यामागे मशिदीपासून काँग्रेसच्या मांडवापर्यंतची एकजूट होती. पत्र परक्या देशाला उद्देशून होते आणि तिथल्या लोकांना स्वतःला काय हवे, याची विचारपूस त्यात नव्हती. तार बरोबर पत्त्यावर गेली, पत्र चुकीच्या.

चळवळीच्या इतर चुकांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. १९२० च्या उन्हाळ्यात हिजरतीच्या आवाहनाला भुलून हजारो गरीब मुसलमान घरदार विकून अफगाणिस्तानकडे निघाले. तिथे त्यांना सामावून घेण्याची व्यवस्था नव्हती. कित्येक वाटेत मेले, कित्येक कफल्लक होऊन परतले. एप्रिल १९२१ मध्ये मालेगावात खिलाफत स्वयंसेवकांवरच्या खटल्यातून जमाव भडकला, पोलिसांचे बळी गेले आणि पुढे काहींना फाशी झाली. गांधीजींनी त्या हिंसेचा स्पष्ट निषेध केला. त्याच वर्षी मलबारमध्ये झालेल्या अत्याचारांनी हिंदू-मुसलमानांच्या मनात जी फट पाडली, ती पुढे रुंदावतच गेली. खिलाफत निधीच्या हिशेबावरूनही वाद माजले आणि लोकांचा विश्वास उडाला. ज्या समाजात जकातीचा हिशेब पैशापैशाने करायची शिकवण आहे, तिथे सार्वजनिक पैशाचा हिशेब सैल राहावा, ही बोचणारी गोष्ट होती.

धर्माची भावना राजकारणात आणल्यानेच हे सारे बिघडले, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. त्यात तथ्य आहे. भावनेने लोक रस्त्यावर येतात, पण पुढे काय मागायचे हे भावना सांगत नाही. दिलेला शब्द पाळा, ही मागणी हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्यांना पटणारी होती. खलिफाची गादी टिकवा, ही मागणी खुद्द तुर्कांनाच पटली नाही.

इतिहासाचा एक योगायोग वऱ्हाडाच्या वाट्याला आला आहे. पदच्युत खलिफांना हैदराबादच्या निजामाने आर्थिक मदत दिली, आणि १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रुशेहवार हिचे लग्न निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी झाले. १९३६ मध्ये आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. ज्या खिलाफतीसाठी इथली माणसे झटली, तिच्या शेवटच्या वारसाची मुलगी जगभर ‘वऱ्हाडची युवराज्ञी’ म्हणून ओळखली गेली. इस्तंबूल वऱ्हाडापासून वाटते तितके लांब नव्हते.

पत्ता बदलला, रीत तीच

स्वातंत्र्यानंतर जनमताचा पत्ता लंडनहून दिल्लीला आला. महाराष्ट्राने तो लवकर वापरला. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि तो प्रश्न शांततेने, वाटाघाटींनी सोडवायचा ही नेहरू सरकारची भूमिका होती. पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहींच्या तुकड्या पाठवल्या. त्यांत वेगवेगळ्या पक्षांचे लोक होते. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. मुंबईसह देशभर संताप उसळला. त्यानंतर भारताने गोव्यातील आपली वकिलात बंद केली आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली. सैन्य पाठवायला मात्र डिसेंबर १९६१ उजाडला. जनमताने धोरण एका रात्रीत बदलत नाही. पण विषय दिल्लीच्या टेबलावरून खाली उतरू नये, एवढी ताकद त्यात असते.

अनसिंगच्या शेतकऱ्याला याहून अलीकडचे उदाहरण आठवेल. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली. विदर्भ-मराठवाड्यात नाराजी होती, विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. हा निर्णय इंडोनेशिया, मलेशिया, अर्जेंटिना, ब्राझील या देशांशी असलेल्या व्यवहाराशी जोडलेला होता. पुढे तेल महागल्याची ओरड झाली आणि मे २०२५ अखेर ते शुल्क १० टक्क्यांवर आले. शेतकऱ्याचे मत एकदा पोहोचले, ग्राहकाचे मत नंतर. बाजारातला भाव हमीभावाला टेकला नाही, ही गोष्ट वेगळी. पण दिल्लीला गावचे ऐकू येत नाही, हा समज तरी त्यातून खोटा ठरतो.

मग फलस्तीनबद्दल, इराण-आखाताबद्दल किंवा आणखी कोणत्या देशाबद्दल ज्याच्या मनात तळमळ आहे, त्याने काय करावे? पहिली गोष्ट, बातमी पडताळावी. खबर घेऊन येणाऱ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधी खात्री करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान करून पस्तावाल, अशी ताकीद कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचाही असतो. आणि आजच्या काळात तो बोटाचाही असायला हवा.

दुसरी गोष्ट, पत्ता बरोबर लिहावा. अनसिंगचा शेजारी इस्रायलचा पंतप्रधान नाही आणि इराणचा सेनापतीही नाही. त्याला टोमणा मारून कोणत्याही युद्धातली एक गोळीही थांबत नाही. भारताने १९८८ मध्ये फलस्तीनला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातल्या युद्धाबाबतच्या ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, डिसेंबरमधल्या युद्धविरामाच्या ठरावाला मात्र त्याने पाठिंबा दिला. या भूमिका का घेतल्या, पुढे काय असावे, हे विचारण्याची जागा म्हणजे यवतमाळ-वाशीम मतदारसंघाचा खासदार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. लोकसभेत प्रश्न विचारता येतो, शून्य प्रहरात विषय मांडता येतो. नागरिकांना लोकसभेकडे याचिकाही देता येते. तिच्यावर एका खासदाराची सही लागते.

तिसरी गोष्ट, मागणी नेमकी आणि सर्वांची असावी. अमक्याचा नाश होवो, ही मागणी नव्हे. युद्धात अडकलेल्या मजुरांना सरकारने सुखरूप आणावे, जखमी मुलांपर्यंत औषधे पोहोचावीत, देशाने शांततेच्या बाजूने मत द्यावे, आयातीचे दार उघडताना इथल्या शेतकऱ्याला विचारावे, अशा मागण्यांवर जामा मशिदीतला नमाजी आणि हनुमान मंदिरातला भक्त एकाच कागदावर सही करू शकतात. आखातात नोकरीला गेलेल्या मुलांत दोघांचीही मुले आहेत, आणि सोयाबीन तर दोघांच्याही शेतात आहे.

१९२० च्या रमजानमध्ये अलाहाबादला जमलेल्या माणसांपुढे जगातले सर्वांत मोठे साम्राज्य होते आणि देशातल्या बहुतेक लोकांच्या हाती मताचा अधिकारही नव्हता. आज अनसिंगच्या प्रत्येक प्रौढ माणसाकडे तो आहे. इफ्तारच्या एका संध्याकाळी वेगवेगळ्या घरांतली दहा माणसे एका सतरंजीवर बसली, खजूर वाटून घेतला, आणि उठण्याआधी खासदाराच्या नावे एक अर्ज लिहून खाली सगळ्यांच्या सह्या केल्या, तर दुआ आणि मत दोन्ही योग्य पत्त्यावर रवाना होतील.